कंबर कसून बसलेली माणसं

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर केली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. संध्याकाळी गुढी उतरली आणि पुण्या-मुंबईतल्या असंख्य घरांत एक प्रश्न उभा राहिला. प्रश्न बसण्याचा होता.

मराठी मध्यमवर्गीय घरात बसायच्या जागा कमी नसतात, पण प्रत्येक जागेचं खातं ठरलेलं असतं. सोफा पाहुण्यांसाठी, घरचं माणूस त्यावर जास्त वेळ रेललं की कव्हर चुरगळतं. डायनिंग टेबल घेतलेलं असतं जेवायला, पण त्यावर औषधांचा डबा, वर्तमानपत्रांची रद्दी, तीन चार्जर, लाईटबिल आणि अर्धवट सोललेला लसूण असतो, त्यामुळे जेवण टीव्हीसमोर होतं. पलंग झोपायला. प्लास्टिकच्या चार खुर्च्या एकात एक घालून गॅलरीत, गणपतीत आरतीला येणाऱ्यांसाठी. नऊ तास बसून काम करण्यासाठी म्हणून घरात एकही वस्तू नव्हती. नसणारच. पूर्वी नऊ तास कोणी घरात बसून राहिलं तर त्याला पगार मिळत नसे, बोलणी मिळत.

ऑफिसातल्या खुर्चीची किंमत तेव्हा पहिल्यांदा कळली. तिच्या बुडाखाली तीन-चार दांडे असतात. कोणता दांडा ओढला की काय होतं हे दहा-दहा वर्षं नोकरी करूनही बहुतेकांना माहीत नव्हतं. चुकून एखादा ओढला गेला की खुर्ची फुस्स करून खाली जायची आणि शेजारचे हसायचे, एवढाच त्या दांड्यांशी परिचय.

नमुन्यादाखल कोथरूडमधलं दोन बेडरूमचं कुठलंही घर घ्यावं. नवरा हिंजवडीच्या आयटी कंपनीत, बायको एका विमा कंपनीच्या हिशेबखात्यात, मुलगी सातवीत, आणि या तिघांवर लक्ष ठेवायला सासूबाई. नवऱ्यानं आधी पलंग निवडला. पाठीशी दोन उशा, पाय लांब, लॅपटॉप मांडीवर, थाट पेशव्यांचा. दोन-तीन दिवसांत उशा घसरल्या, उशांच्या मागोमाग नवरा घसरला, आणि हनुवटी छातीला टेकवून तो अमेरिकेतल्या साहेबाला 'येस, येस' म्हणू लागला. साहेबाला वाटलं, काय नम्र माणूस आहे! मग सोफा झाला. सोफा मऊ, त्यात माणूस रुततो, गुडघे कानाशी येतात. मग डायनिंगची खुर्ची झाली. तिची कोरीव पाठ दिसायला सुंदर, पण ती वीस मिनिटांत जेवून उठणाऱ्या माणसासाठी घडवलेली. शेवटी गॅलरीतली आरतीची खुर्ची आली, खाली उशी घालून. महिनाअखेरीस घरातली प्रत्येक बैठक बसून झाली होती आणि नवरा खुर्चीतून उठताना 'आई गं' म्हणू लागला होता. दर वेळी सासूबाई आतून 'काय रे?' विचारायच्या.

यात लॅपटॉपचाही दोष आहे, आणि तो जन्मजात आहे. त्याचा पडदा आणि त्याची बटणं एकमेकांना बिजागरीनं बांधलेली. पडदा डोळ्यांसमोर आणावा तर हात खांद्यांपर्यंत वर जातात. हात कोपराच्या उंचीला आणावेत तर मान खाली जाते. माणसाच्या डोक्याचं वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो. न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली हिशेब मांडून दाखवला की मान ६० अंशांनी खाली वाकवली तर तिच्यावर पडणारा भार २७ किलोंच्या आसपास जातो. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोंचा असतो, म्हणजे मानेवर जवळजवळ सिलिंडर घेऊन माणसं सांघिक उद्दिष्टांवर चर्चा करत होती. अर्थात हा हिशेब कागदावरच्या प्रतिकृतीचा आहे, कोणाच्या जिवंत मानेवर वजनकाटा लावलेला नाही, तेव्हा लगेच घाबरून मान धरून बसू नये. पण संध्याकाळी मान का भरून येते, याचा अंदाज येतो.

कंबर धरली की घरात वैद्यकीय सल्लागार मंडळ आपोआप स्थापन होतं. सासूबाईंनी निरगुडीचा पाला सुचवला. शेजारच्या काकूंनी तव्यावर तापवलेल्या विटेचा शेक सांगितला, मावशींनी डिंकाचे लाडू. गावाकडच्या आत्यानं फोनवरून मुख्य उपाय सांगितला: उसण भरली आहे, पायाळू माणसाची लाथ खावी.

ज्यांना हा उपाय ठाऊक नाही अशा नव्या पिढीसाठी सांगायला हवं. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्यानं दुखऱ्या कंबरेवर हलकेच पाय लावला की उसण उतरते, अशी महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. पूर्वी प्रत्येक वाड्यात, आळीत असा एखादा पायाळू असायचा आणि त्याला बराच मान असायचा. लोकांना लाथ मारून आशीर्वाद मिळवणारा तो एकमेव माणूस. आता मात्र पायाळूंचा तुटवडा आहे. २००० साली २६ देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीनंतर जगभरच्या डॉक्टरांचा कल पायाळू बाळांसाठी सिझेरियनकडे झुकला. त्यामुळे सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर कोणी विचारलंच की 'पायाळू व्यक्ती हवी आहे, बी विंगमध्ये असल्यास उत्तम', तर पुढचा वाद ठरलेला: सिझेरियनवाला पायाळू चालतो का? यावर शास्त्रही गप्प आहे आणि आत्याही.

गंमत अशी की या उपायानं लोकांना बरं वाटतं. ते खोटं बोलत नाहीत. अचानक धरलेली कंबर बहुतेकांच्या बाबतीत काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत आपली आपणच सुटते. त्या मुदतीत जो शेवटी लाथ मारतो, शेक देतो, सुई टोचतो किंवा बिल लावतो, श्रेय त्याचं. आत्या आणि मोठी हॉस्पिटलं या बाबतीत एकाच नावेत आहेत.

डॉक्टरमंडळीही फार काळ 'पडून राहा' हेच सांगत होती. आठवडा, पंधरवडा, कधी त्याहूनही जास्त. १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे दोन गट केले. एकाला दोन दिवस पडून राहायला सांगितलं, दुसऱ्याला सात दिवस. बरं होण्यात फरक पडला नाही. दोन दिवसवाले कामावर मात्र लवकर गेले. आज धरलेल्या कंबरेलाही झेपेल तेवढं हिंडतं-फिरतं ठेवा असंच सांगतात. सासूबाईंचा दुसरा आग्रह जमिनीवर चटई टाकून झोपण्याचा. त्यावर २००३ साली स्पेनमध्ये ३१३ दुखऱ्या कंबरांची रीतसर परीक्षा झाली, आणि कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. हा निकाल सासूबाईंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "स्पेनची माणसं मऊच."

आता मुख्य आरोपी, म्हणजे बसणं.

स्वीडनमध्ये आल्फ नाकेमसन नावाचे अस्थिशल्यविशारद होते. १९६० च्या दशकात त्यांनी जिवंत माणसांच्या दोन मणक्यांमधल्या गादीत सुई घालून तिथला दाब मोजला. आडवं पडल्यावर दाब सगळ्यात कमी, उभं राहिल्यावर जास्त, बसल्यावर त्याहून जास्त आणि बसून पुढे वाकल्यावर सगळ्यात जास्त, असा त्यांचा निष्कर्ष. त्याचे तक्ते जगभरच्या फिजिओथेरपिस्टांच्या भिंतींवर लागले आणि बसणं बदनाम झालं. पुढे १९९९ साली जर्मनीतल्या उल्म शहरात हान्स-योआखिम विल्के यांच्या चमूनं एका स्वयंसेवकाच्या गादीत बारीक संवेदक बसवला आणि त्याला दिवसभर नेहमीची कामं करू दिली. तो झोपला, हसला, शिंकला, जिने चढला, खुर्चीत नीट बसला आणि गबाळाही बसला. निघालं असं की बसणं आणि उभं राहणं यांत फारसा फरक नाही. उलट खुर्चीत आरामात घसरून बसल्यावर दाब कमीच झाला. प्रयोग एकाच माणसावरचा, तेव्हा त्यावर देव्हारा उभारायला नको. पण नाकेमसनांच्या तक्त्यातली हवा थोडी गेली.

विल्के यांच्या त्याच प्रयोगातला एक आकडा मात्र प्रत्येक घरात पिण्याच्या पाण्याशेजारी लावावा असा आहे. कमरेतून गोल वाकून २० किलोंचं वजन उचललं तेव्हा गादीवरचा दाब नुसतं उभं राहण्याच्या साडेचार पट झाला. गुडघ्यांतून वाकून, वजन अंगाशी धरून उचललं तेव्हा साधारण साडेतीन पट. पाण्याच्या २० लिटरच्या जारमध्ये नुसतं पाणीच २० किलोंचं असतं. दिवसभर पुतळ्यासारखा बसलेला माणूस दोन मीटिंगांच्या मधल्या चार मिनिटांत धावत येतो, ताठ गुडघ्यांनी वाकतो आणि झटक्यात जार उचलतो. तिथे चमक भरते. पण दोष जातो खुर्चीवर, आणि ऑनलाइन नवी खुर्ची मागवली जाते.

खुर्चीत कसं बसावं, याबद्दलही शास्त्राचं एकमत नाही हे कळल्यावर घरातल्या ज्येष्ठांना आनंद होईल. २००६ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या एका रुग्णालयात २२ निरोगी स्वयंसेवकांना बसत्या अवस्थेत एमआरआय यंत्रात घातलं. काटकोनात ताठ बसण्यापेक्षा पाठ मागे टाकून, मांड्या आणि धड यांच्यात १३५ अंशांचा कोन ठेवून बसल्यावर गाद्यांवर सगळ्यात कमी ताण आला. १३५ अंश! शाळेत 'ताठ बस' म्हणून पाठीत बसलेल्या धपाट्यांची आता कोण भरपाई देणार? आणि माळ्यावर टाकलेली आजोबांची कापडी आरामखुर्ची? ती नेमकं हेच करत होती. अडचण एवढीच की तिच्यात बसून टंकलेखन करायचं तर लॅपटॉप पोटावर ठेवावा लागतो. ती सोय काहींना टाळेबंदीत निर्माण झाली होती, पण सगळ्यांना नाही.

डेन्मार्कचे एक शल्यविशारद होते, ए. सी. मांडल. आडनावावरून बंगालचे वाटतात, पण पक्के डॅनिश. काटकोनात बसणं हे मुळात माणसाच्या सांध्यांना मानवत नाही, असं ते आयुष्यभर सांगत राहिले. आसन उंच आणि पुढे थोडं उतरतं करा, मेजही उतरतं करा, म्हणजे माणसाला वाकावं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. उतरतं मेज आपल्याकडे जुन्या पेढ्यांवर होतंच. पांढरी गादी, पाठीशी लोड, पुढ्यात बुटकं उतरतं डेस्क, एक गुडघा उभा करून बसलेले दिवाणजी. दर थोड्या वेळानं गुडघा बदलायचा, लोडाला टेकायचं, पिंक टाकायला उठायचं. पिंकेचं समर्थन करता येणार नाही, उठण्याचं येईल. म्हणून त्या काळच्या कारकुनांच्या कंबरा दुखत नव्हत्या असं मात्र कोणी समजू नये. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानं १७०० साली धंद्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात शिंपी आहेत, आणि १७१३ च्या वाढीव आवृत्तीत लेखनिकही आले. दिवसभर बसून पाठीला बाक आलेल्यांना त्यानं सुट्टीच्या दिवशी तरी अंग हलवा असा सल्ला दिला होता. ते काही कोणी मनावर घेतलेलं दिसत नाही.

मग खरं दुखणं कशात आहे? गाद्यांमध्येच बघू. पाठीच्या कण्यात अशा २३ गाद्या असतात आणि मोठ्या माणसाच्या गादीला आतून जवळजवळ रक्तपुरवठा नसतो. दाब पडला की तिच्यातलं पाणी बाहेर जातं, दाब उतरला की आत येतं. या ये-जा मधूनच तिचं खाणंपिणं चालतं. दिवसाकाठी पाणी कमी होऊन माणूस संध्याकाळपर्यंत एक-दोन सेंटिमीटरनं बुटका होतो आणि रात्री झोपून पुन्हा उंच होतो. (लग्नाच्या बायोडेटासाठी उंची सकाळी मोजावी.) एकाच ठिकाणी, एकाच कोनात, मग तो कोन काटकोन असो की १३५ अंश, तासन्‌तास बसलं की ही ये-जा मंदावते, स्नायू आखडतात आणि कंबर कुरकुरते. बैठक चांगली की वाईट हा प्रश्न दुय्यम आहे. ती किती वेळानं बदलली हा प्रश्न मुख्य.

ऑफिसनं ही बदलाबदल माणसाच्या नकळत करून घेतली होती. लिफ्टपर्यंत चालणं, प्रिंटरपर्यंत जाणं, तिसऱ्या मजल्यावरच्या बैठकीला उशीर झाला म्हणून पळणं, कँटीन, गेटबाहेरची चहाची टपरी, टपरीवर उभं राहून साहेबाची निंदा. निंदेचा कंबरेला केवढा आधार होता हे आता कळतं! काम घरी आल्यावर वाकडच्या वाहतूककोंडीतले दोन तास वाचले, पण त्यांच्यासोबत हे सगळं गेलं. पाण्याची बाटली हाताशी, चार्जर हाताशी, चहा टेबलावर येतो, मीटिंगा पाठोपाठ, आणि शेवटी दुखते ती पाठ.

घरून काम करणाऱ्यांचा खरा मूळपुरुष शोधायचा तर चार्ल्स डार्विन. १८४२ पासून १८८२ मध्ये मरेपर्यंत तो इंग्लंडच्या केंट परगण्यात डाऊन हाऊस या आपल्या घरातून काम करत होता. चाळीस वर्षं वर्क फ्रॉम होम. खुर्चीच्या हातांवर आडवी फळी ठेवून तो लिही, आणि खोलीत नमुन्यांकडे पटकन सरकता यावं म्हणून त्यानं खुर्चीला चाकं लावून घेतली होती. म्हणजे आजच्या ऑफिसखुर्चीचे पूर्वजही त्याच्याच घरचे. त्याच्या प्रकृतीच्या तक्रारी पुष्कळ होत्या, पण त्यानं एक गोष्ट सोडली नाही. घरामागे रेतीची एक वाट करून घेतली होती, तिच्यावर रोज ठरलेल्या फेऱ्या. वाटेवर दगड रचून ठेवायचे, दर फेरीला एक दगड पायानं उडवायचा, म्हणजे मोजण्यात डोकं अडकत नाही.

कोथरूडच्या फ्लॅटमागे रेतीची वाट नसते, पार्किंग असतं. म्हणून लोकांनी जुगाड केले, आणि त्यातले काही खरोखर चांगले निघाले. लॅपटॉपखाली विश्वकोशाचे दोन खंड ठेवले की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येते. विश्वकोश ही प्रत्येक मराठी घरात असावी अशी वस्तू आहे हे शेवटी पटलं. विश्वकोश नसेल तर दिवाळी अंक चालतात, त्यातही जाहिराती जास्त असलेले. पण पडदा वर गेला की वेगळा कीबोर्ड आणि माऊस हवाच, नाहीतर हात वर धरून खांदे भरतात. काही शेकड्यांत मिळणारी ही जोडी काही हजारांच्या खुर्चीपेक्षा आधी घ्यावी. पाय लोंबकळत असतील तर खाली जेवणाचा पाट. कमरेच्या खोलगट भागात गुंडाळलेला टॉवेल. पडदा हातभर लांब. कोपरं अंगाशी. इतकं झालं की घर नावाच्या ऑफिसची मांडणी संपली. उरलेला अभ्यास करायचा असेल तर करावा, पण तो उभ्यानं करावा.

उभ्यानं काम करण्याचीही मध्ये लाट आली होती. काहींनी इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप चढवला, आणि त्या टेबलाची उंची कमीजास्त होते हे घरातल्या पुरुषांना तेव्हा प्रथमच कळलं. अधूनमधून उभं राहणं उत्तम. पण दिवसभर उभं राहण्यात शहाणपण असतं तर १९४८ च्या कारखाना कायद्यात उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय द्या असं ४४ वं कलम घालावं लागलं नसतं, आणि २०२१ साली तमिळनाडूला दुकानांतल्या कामगारांना बसण्याचा हक्क कायद्यानं द्यावा लागला नसता.

बाजार मात्र खुर्चीभोवतीच फिरतो. १९९४ साली अमेरिकेत बिल स्टंफ आणि डॉन चॅडविक यांनी जाळीच्या पाठीची एरॉन खुर्ची काढली. ती न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे आणि तिची किंमतही संग्रहालयाला शोभेल अशीच. तिच्या जाळीची नक्कल काही हजारांत मिळते. खुर्ची चांगली असणं चांगलंच. पण लाखाच्या खुर्चीत सहा तास न हलता बसलेला माणूस आणि आरतीच्या खुर्चीत बसून दर अर्ध्या तासानं उठणारा माणूस यांत पैज लावायची झाली, तर शहाण्यानं आरतीवर लावावी.

कमरेचा पट्टा हा असाच एक सोयीचा गैरसमज. २०१६ साली कंबरदुखी टाळण्याच्या उपायांवर झालेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. पट्टे आणि बुटांत घालायच्या खास गाद्या यांचा टाळण्यासाठी उपयोग दिसला नाही; व्यायाम आणि सोबत माहिती, या जोडीनं वर्षभरातला धोका सुमारे ४५ टक्क्यांनी घटला. जुनाट कंबरदुखीवर जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदा मार्गदर्शन दिलं, त्यातही पट्ट्यांची शिफारस नाही. तीच गत एमआरआयची. 'एल-फोर एल-फाईव्हमध्ये गॅप आहे' हे वाक्य हल्ली रेशनकार्डासारखं प्रत्येक घरात असतं. पण २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात ज्यांना काडीचंही दुखत नव्हतं अशा विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, आणि ऐंशीच्या लोकांत ९६ टक्क्यांच्या. केस पिकतात तशा गाद्याही पिकतात. फोटोत दिसलेली प्रत्येक गोष्ट दुखण्याचं कारण नसते.

आता बायको. एव्हाना वाचकांच्या लक्षात आलं असेल की तिच्या कंबरेबद्दल कोणी विचारलेलंच नाही. तिला घरातला कोपरा मिळाला स्वयंपाकघरातला, कारण 'तुला तिथूनच लक्ष देता येईल'. तिचा लॅपटॉप ओट्यावर, कुकरच्या शेजारी. ओटा गवंड्यानं बांधला त्या दिवशी त्याची उंची ठरली, तिची कोणी मोजली नाही. ती बसली कधी आणि आखडली कधी? तीन शिट्ट्या झाल्या की उठ, दूधवाल्यासाठी उठ, मुलीचा ऑनलाइन वर्ग बंद पडला की उठ. तिची कंबर दुखते ती वाकून, उचलून, पुसून आणि उभं राहून. जगभरातही कंबरदुखी पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळते.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची देशभर पाहणी केली. बिनपगारी घरकामात बायकांचा वेळ गेला रोज सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. आणि हे ९७ सुद्धा ज्यांनी घरकाम केलं अशाच पुरुषांचे. तसे पुरुष दर चारांत जेमतेम एक होते. म्हणजे एका कंबरेला हालचाल मिळत नाही म्हणून ती आखडली आहे, दुसरीला थांबायला मिळत नाही म्हणून ती मोडली आहे, आणि दोन्ही एकाच छताखाली बाम लावून झोपतात. या दोघांसाठी दोन वेगवेगळ्या खुर्च्या विकणाऱ्या बाजाराला हे दोनशे मिनिटांचं गणित दिसत नाही, पण फिजिओथेरपिस्टला दिसायला हरकत नाही. 'दर अर्ध्या तासानं उठा' अशी घंटी मोबाइलमध्ये लावून ती बंद करणाऱ्या नवऱ्यांना कुकरची शिट्टी ही अधिक चांगली घंटी आहे. ती बंद करायला उठावंच लागतं.

व्यायामाच्या बाबतीत महाराष्ट्राला बाहेर पाहायची गरज नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्काराचा अक्षरशः राज्यकारभार केला. संस्थानातल्या शाळांतली मुलं नमस्कार घालत आणि राजेसाहेब स्वतःही घालत. पुढे वाकणं आणि मागे वाकणं दोन्ही त्यात आहे, फक्त कंबर धरलेली असताना नव्यानं सुरू करू नयेत. पुण्यातच बी. के. एस. अय्यंगारांनी १९७५ साली काढलेल्या योगसंस्थेत खुर्चीचा जो उपयोग होतो तो मात्र जगात भारी आहे. तिथे घडीच्या लोखंडी खुर्चीची पाठच काढून टाकतात आणि माणसाला त्या चौकटीतून मागे वळवतात. खुर्चीनं आखडलेल्या पाठीवर खुर्चीचाच उतारा!

आणि हे सगळं जमत नसेल तर चालावं. ऑस्ट्रेलियात नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ लोकांना घेऊन एक चाचणी झाली, तिचा निकाल २०२४ मध्ये आला. ज्यांना चालण्याचा हळूहळू वाढणारा कार्यक्रम दिला, त्यांचं दुखणं परत यायला मध्यमानानं २०८ दिवस लागले. ज्यांना काहीच दिलं नाही त्यांचं ११२ दिवसांतच परत आलं. उद्दिष्ट होतं सहा महिन्यांत आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालण्यापर्यंत पोचण्याचं. पार्किंगमध्येही ते होतं. फोनवरच्या ज्या मीटिंगमध्ये आपण फक्त 'हो' म्हणणार आहोत, ती तिथेच चालता चालता करावी.

एका बाबतीत थट्टा नको. पायात जोर कमी वाटू लागला, मांड्यांच्या आतली किंवा बसण्याची जागा बधिर झाली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, ताप किंवा अकारण वजन घटणं सोबत आलं, किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं, तर शेक, लाडू, लाथ सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

बाकीच्यांनी खुर्चीची ऑर्डर चार दिवस थांबवावी. तोवर वॉशिंग मशीनमधले कपडे नवऱ्यांनी वाळत घालावेत: गुडघ्यांतून वाकायचं, उठायचं, हात डोक्यावर न्यायचे, पुन्हा वाकायचं. एका बादलीला साधारण पंचवीस फेऱ्या होतात, आणि चादरी असतील तर बायकोला हाक मारू नये.